तिटेखालचं लाल

११ मे, नांदेड

परीक्षेचं पर्यवेक्षण. सकाळी आणि दुपारी. बोलायचं नाही, वाचायचं नाही. उभं राहून दुसऱ्यांना लिहिताना बघायचं.

बाहेर आल्यावर फोन पाहिला. देवणीहून फोटो. प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आहे. आमची मुलगी एप्रिलच्या मध्यावरची. नाव अजून ठेवलेलं नाही, सगळे बाळी म्हणतात. फोटोत झोपलेली. उजव्या पापणीवर काळी तीट.

नवल वाटलं. प्रज्ञाचे वडील, म्हणजे मामा, दृष्टीबिष्टीचं काही घरात चालू देत नाहीत. लिंबू-मिरची नाही, काळा दोरा नाही. 'आपण हे सोडलेलं हाय,' म्हणतात आणि विषय संपतो. मग तीट कशी, असं प्र.ला विचारलं. ती म्हणाली, आई म्हणते ही शोभेची आहे, दृष्टीची नाही.

मग गालावर का नाही? पापणीवर कशाला?

त्यावर उत्तर आलं नाही. बाळी उठली असेल.

१९ मे

नवा फोटो. तीट आधीपेक्षा मोठी. मी गमतीनं लिहिलं, मामींचं बोट जाड झालं का. प्र.नं गंमत घेतली नाही. 'जेवलात का' एवढंच.

जेवण जात नाही. जिभेच्या कडेला फोड. मध्ये पांढरा, कडा लाल. शिकवणं नाही म्हणून बरं. औषधांच्या दुकानात गोळ्या दिल्या. दुकानदार म्हणाला, उन्हाळा आहे सर, आपोआप जातं.

२६ मे

फोड गेला. कधी गेला ते कळलं नाही. दुखत होता तेव्हा कारण नसताना सारखं चाचपायचो. आता कोणती बाजू होती तेही आठवत नाही.

१ जून, देवणी

परीक्षा संपली. उदगीरला उतरून देवणीची गाडी धरली. पोचलो तेव्हा बाळीची अंघोळ चालू होती. मामी पाटावर पाय लांब करून बसलेल्या, बाळी त्यांच्या पायांवर. मी दारात उभा आहे हे त्यांना कळलं नाही. त्यांनी तिला उताणं केलं, कपाळावर हाताचा आडोसा धरून पाणी सोडलं. तीट वाहून गेली.

खाली लाल. पापणीतून वर आलेलं, मऊ, तुतीच्या फळासारखं दाणेदार. पापणी त्याच्या वजनानं खाली आलेली. डावा डोळा पूर्ण उघडा. उजवा अर्धाच.

मामींनी मला पाहिलं आणि आधी हात त्याच्यावर ठेवला.

कधीपासून, विचारलं. दवाखान्यातून आणली तेव्हा नव्हतं. मग टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. डास चावला असं वाटलं. मग वाढत गेलं. मामी सांगत होत्या. प्र. भिंतीकडे बघत होती. आल्या-गेल्यांना दिसू नये म्हणून तीट बरोबर त्याच्यावर. दीड महिन्याच्या लशीलाही तशीच नेली. नर्सबाई म्हणाल्या, किती छान दिसते.

मला सांगायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. रोज, उद्या सांगू.

'तुम्ही तिकडं एकटे. फोटोत बघून काय केलं असतं?' प्र. म्हणाली.

काय केलं असतं. खरंच माहीत नाही.

मामा ओट्यावर बसलेले. नोकरीभर ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी केलेला माणूस. त्यांनी मला एवढंच ऐकवलं की तीट नको असं ते पहिल्या दिवशीच बोलले होते. आतून मामींचा आवाज आला, 'बोलले होते. मग आल्या-गेल्या बायांना तोंड कोण देणार होतं? तुम्ही?'

मामा उठून गोठ्याकडे गेले.

२ जून, उदगीरहून परत

मुलांचे डॉक्टर. गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा बाळी गाढ झोपलेली. डॉक्टरांनी बोटानं हलकं दाबलं. दाबलं की फिकट व्हायचं, सोडलं की पुन्हा भरायचं. रक्तवाहिन्यांची गाठ आहे, म्हणाले. बऱ्याच बाळांना असते. काही महिने वाढते, मग थांबते, मग आपोआप ओसरते. छेडू नका.

परतीच्या गाडीत सगळे हलके. मामींनी स्टँडवर केळी घेतली, मला आग्रहानं दोन खायला लावली. प्र. गाडीत बोलली, बऱ्याच दिवसांनी. नावं काढत होती.

संध्याकाळी लक्षात आलं. डॉक्टरांनी तिला झोपलेली पाहिली. झोपलेल्या बाळाचे दोन्ही डोळे सारखेच.

प्र.ला म्हणालो. ती म्हणाली, 'डॉक्टर आहेत ते. कळलं असेल त्यांना.'

कळलं असेल.

९ जून, नांदेड

आईचा उमरीहून फोन. तिला आता सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ग्रहणात प्रज्ञानं काही चिरलं होतं का. दुसरं, तुझ्या चुलत बहिणीच्या पाठीवर असंच होतं, आठवतं का. मला आठवत नाही.

'कसं आठवंल? राहिलंच न्हाई तर. शाळंत घालायच्या आधी गेलं.'

म्हणजे डॉक्टर आणि आई एकच सांगतात. बरं वाटायला हवं.

पण पाठीला बघायचं काम नसतं.

वाचायला बसलो. जितकं वाचतो तितकं सगळं एकमेकांत मिसळतं. काही लाल डाग जन्मतःच असतात आणि जन्मभर राहतात. काही नंतर येतात आणि जातात. काही येतात, वाढतात, फुटतात, मग जातात. फोटो सगळ्यांचे सारखेच दिसतात. आमचं यातलं कोणतं? दोनदा ठरवलं, दोनदा बदललं.

प्र.नं आज फोटो पाठवले. पाय. मूठ. मग चेहरा. चेहऱ्यावर पुन्हा तीट. विचारलं नाही.

१५ जून

दुपारी कॉलेजला निघालो होतो. प्र.चा फोन. गाठीच्या मधोमध दोन दिवसांपासून राखाडी डाग होता. आज मामी खोबरेल लावून तीट पुसत होत्या आणि फडक्यावर रक्त आलं. खूप आलं, असं प्र. म्हणाली. मग म्हणाली, खूप नाही, पण थांबेना. स्वच्छ कापडानं दाबून धरलं तेव्हा थांबलं. आता तिथे वरची कातडी नाही. उघडी जखम. बाळी रडते, दूध तोडते, पुन्हा रडते.

मामा बघायला आले. हात लावला नाही. वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'जुवानं बैलाचा खांदा सोलतो. आधी जू उतरवायचं, औषध मागून. हिच्या डोळ्यावर जू कशाचं हाय ते बगा.'

रोज काजळ भरायचं, रोज तेलानं पुसायचं. सांगायची गरज नव्हती. मामी जेवायला आल्या नाहीत. मामांनी ताट आत नेऊन ठेवलं, तेही तसंच परत आलं.

हे सगळं प्र.नं फोनवर सांगितलं. ती रडत नव्हती. शेवटी म्हणाली, 'आता तुम्ही ठरवा काहीतरी. आपोआप जाणारी गोष्ट अशी फुटते का?'

मला वाटत होतं ती ठरवेल.

कॉलेजात रजा सांगितली. मामांनी लातूरच्या त्वचेच्या डॉक्टरचं नाव कुणाकडून तरी मिळवलं.

१७ जून, लातूर

मी नांदेडहून, ते तिघे बाळीला घेऊन देवणीहून. दवाखान्याच्या दारात भेटलो. मामींनी माझ्याकडे बघितलं नाही. आत यायलाही तयार नव्हत्या. बाहेर बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मामा शेजारी उभे.

या वेळी प्र.नं बाळीला झोपू दिलं नाही. डॉक्टर बाई. त्यांनी आधी जखम पाहिलीच नाही. उजेड धरला आणि डोळा किती उघडतो ते पाहिलं. पुन्हा पाहिलं.

म्हणाल्या, 'हेच पाठीवर असतं तर मीही थांबा म्हटलं असतं. पापणीवर थांबायचं नसतं.'

का ते नीट समजावून सांगितलं. लहान बाळ बघायला शिकत असतं. एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. पुढं गाठ गेली, पापणी वर आली, डोळा दिसायला चांगला असला तरी त्यानं दिसेलच असं नाही. म्हणजे गाठ आपोआप जाते हे खरं. आणि तोपर्यंत डोळा जाऊ शकतो हेही खरं. दोन्ही डॉक्टर बरोबर. मी मान हलवत होतो.

मग विचारलं, महिन्यापूर्वी केवढं होतं? वाढ किती जोरात आहे ते बघायचंय. फोटो दाखवा.

प्र.नं फोन दिला. त्या एकामागून एक फोटो सरकवत गेल्या. तीट. तीट. तीट. एकही उघडा फोटो नाही. मला टेबलाकडे बघवेना.

त्या थांबल्या. परत पहिल्या फोटोवर गेल्या, मग शेवटच्या.

'ही कोण लावतं?'

प्र. म्हणाली, आई.

'त्यांना बोलवा.'

मामी आल्या. दारातच उभ्या. पदर दोन्ही हातांत. त्यांना वाटलं असणार, आता सगळ्यांसमोर. डॉक्टरांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, तीट अंदाजानं लावत होता, की लाल होतं तेवढीच?

'जेवढं लाल तेवढीच. वर जरा न्हाई. लेकराला उगं कशाला काळं करू?'

'नक्की?'

'रोज माझ्या हातानं लावली न्हवं.'

डॉक्टरांनी फोटोवर पट्टी धरली, फोटोतल्या कानाच्या मापाशी ताडून बघत काहीतरी लिहिलं. तिटांवरूनच वाढ काढली. जोरात आहे, म्हणाल्या. आजच औषध सुरू करू या.

मामी अजून उभ्याच. त्यांनी विचारलं, 'बाई, मी पुसलं म्हणून फुटलं का?'

डॉक्टर म्हणाल्या, घासण्यानं फुटू शकतं. आणि एवढ्या जोरात वाढणारी गाठ कुणी हात लावला नाही तरी फुटते. 'तुमच्या हातानं झालं की आपसूक, ते आता मला सांगता यायचं नाही.'

मामी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. पुढं वाक्य नव्हतं.

१८ जून, लातूर

दवाखान्यात मुक्काम. औषध आहे ते हृदयाच्या रोग्यांना देतात तेच. मी दोनदा खात्री केली. पापणीवरच्या गाठीला हृदयाचं औषध. रक्तवाहिन्या त्यानं आवळतात, वाढ थांबते. पण ठोके मंद होऊ शकतात, रक्तातली साखर उतरू शकते. म्हणून पहिला डोस इथे. नर्स येते, छातीला नळी लावते, घड्याळात बघते, जाते. चेहऱ्यावरून काही कळत नाही.

सूचना: दूध पाजूनच द्यायचं. दूध घेत नसेल, उलट्या असतील, तर द्यायचं नाही, फोन करायचा. जखमेला साधी व्हॅसलीन, वर न चिकटणारी जाळी. डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. काजळ बंद.

१९ जून, नांदेड

काल लातूरहून निघताना मामींनी पिशवीतून काजळाची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. चांदीची, लहान, झाकणावर मोर. प्र. तान्ही असतानाची म्हणे. तिचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खिशात टाकली.

इथे आल्यावर टेबलावर ठेवली आहे.

२५ जून, नांदेड

पहिला उघडा फोटो.

बघवत नाही. बघत राहतो. बोटांनी मोठा करतो. रंग उतरलाय असं वाटतं. फोनचा उजेड वाढवला की पुन्हा लाल. कमी केला की जांभळट. प्र.ला विचारलं, प्रत्यक्षात कसं आहे?

'मी सारखीच बघते, मला फरक कळत नाही. तुम्ही मधून बघता, तुम्हीच सांगा.'

मी फोटो बघतो. ती बाळीला बघते. दोघांनाही कळत नाही.

१ जुलै

लस दिली. रात्रीपासून बाळीला ताप. सकाळी दूध तोंडात घेईना. औषधाची वेळ झाली. प्र.चा मला फोन, डॉक्टरांचा लागत नव्हता.

द्यायचं की नाही? तिला सूचना पाठ होती, मलाही. तरी दोघं विचारत होतो. तिथे मामा म्हणत होते, औषध मध्येच तोडलं की रोग उलटतो, ढोराचंही तसंच. आईनं उमरीहून तेच सांगितलं. मामी काही म्हणत नव्हत्या. लातूरपासून त्या कशातच काही म्हणत नाहीत.

मी म्हणालो, नको देऊ. मग लगेच म्हणालो, थांब, फोन लागतो का बघ. मग पुन्हा...

प्र.नं फोन ठेवून दिला.

दुपारी कळलं. तिनं औषध दिलं नाही. उशिरा डॉक्टरांशी बोलणं झालं, त्या म्हणाल्या बरोबर केलं, दूध प्यायला लागली की पुन्हा सुरू करा. मी प्र.ला म्हणालो, धाडस केलंस.

'धाडस कसलं? नुसता हात उचलला नाही माझा.'

९ जुलै

तासाला वर्गात बोलता बोलता थांबलो. पुढच्या बाकावरची मुलगी डोळा चोळत होती. वाक्य कुठं होतं ते सापडेना. मुलं वाट बघत राहिली.

जखम भरतेय म्हणे. कडेनं नवी कातडी. गाठ मऊ झाली. मामी रोज सकाळी खिडकीशी नेतात, आपल्या अंगठ्याचं नख तिच्याजवळ धरून बघतात, न शिवता. मग प्र.ला सांगतात, आज नखाच्या आत. किंवा, आज कालच्याएवढंच. हे बोलणं तेवढं परत सुरू झालंय.

२० जुलै, देवणी

नामकरण. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली. नाव सुमेधा. मामांना आवडलं, आईला उच्चारायला जड वाटलं. ती सुमी म्हणते.

सकाळी प्रश्न होता. लोक येणार. माझी आई हळूच म्हणाली, आजच्या दिवस कपाळावर एक तीट लावली तर लोकांचं लक्ष तिकडं जाईल, डोळ्यावर नको तर नको. प्र. माझ्याकडे बघायला लागली. मी मामांकडे. मामी भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'बगू द्या सगळ्यास्नी.'

सगळ्यांनी बघितलं. बायका पाळण्यावर वाकायच्या, डोळ्याकडे बघायच्या, लगेच पायाकडे बघायच्या. पाय कसे गुटगुटीत, म्हणायच्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना तेवढं जमलं नाही. 'देवणीचं वासरू हाय,' त्या मोठ्यानं म्हणाल्या, 'डोळ्याला रंग असणारच.'

इकडच्या देवणी जातीच्या ढोरांच्या डोळ्याभोवती काळं असतं. मग मामा म्हणाले, 'वासराचा काळा असतो काकू. आमचा लाल हाय. जात निराळी.'

हसले सगळे. मामी सगळ्यांत शेवटी हसल्या, आणि हसता हसता आत निघून गेल्या.

मी आज जवळून पाहिलं. गाठ बसली आहे, रंग राखाडी-जांभळा. जखमेच्या जागी पांढरी, चमकदार कातडी. हा डाग राहील असं डॉक्टर बाई म्हणाल्या आहेत. पापणी वर आली आहे. पूर्ण नाही.

२९ जुलै, लातूर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तरुण माणूस, हळू बोलणारा. वाढ थांबली हे चांगलं झालं, म्हणाला. पण उजवा डोळा मधले दिवस किती झाकलेला होता? आम्ही एकमेकांकडे बघितलं.

त्या डोळ्यानं दिसतं का, मी विचारलं.

आज सांगता येत नाही. उजेड कळतो. त्यापुढं बघावं लागेल. घरी चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकायचा. म्हणजे या डोळ्याला काम करावं लागेल. झाकलेला असताना समोरून काहीतरी हलवून बघायचं, मागोमाग जातो का. एक सांभाळायचं. आवाज नको. आवाज झाला की बाळ आवाजाकडे वळतं, आणि घरच्यांना वाटतं दिसलं.

बाहेर आल्यावर प्र. म्हणाली, 'डावा झाकायचा म्हणजे जो चांगला तोच झाकायचा.'

हो.

'म्हणजे पुन्हा झाकायचंच.'

९ ऑगस्ट, देवणी

शनिवारी रात्री आलो, आज रविवार. सकाळचं दूध झाल्यावर करायचं ठरलं. या आठवड्यात प्र.नं दोनदा केलं, एकदा वळली, एकदा नाही. वळली तेव्हा गोठ्यात गाय ओरडली होती, म्हणून ते धरायचं की नाही तिला कळेना.

मामांनी दार ओढून घेतलं, स्वतः बाहेर गायीपाशी जाऊन उभे राहिले. मामींच्या हातात बांगड्या. त्यांनी दोन रुमाल घेतले आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळले. सुमेधा त्यांच्या मांडीवर. प्र.नं डावा डोळा तळहातानं झाकला, न दाबता.

समोर काय हलवायचं? खुळखुळा नको. मी खिसे चाचपले. काजळाची डबी बरोबर आणली होती, परत देऊन टाकावी म्हणून. तीच धरली. खिडकीतलं ऊन तिच्यावर पडलं.

पहिल्यांदा वळली. प्र.नं मान हलवली. माझा हात चेहऱ्याच्या फार जवळ होता, वारा लागला असेल.

दुसऱ्यांदा नाही वळली. डबी डावीकडे नेली, उजवीकडे नेली. ती सरळ बघत होती. किंवा बघत नव्हती, डोळा नुसता उघडा होता.

तिसऱ्यांदा तिनं मान वर केली. डबीकडे नाही, मामींच्या तोंडाकडे. मामी पुटपुटल्या, 'माझ्याकडं बगितली.'

'आई, तू जोरात श्वास घेतलास,' प्र. म्हणाली.

मामींनी ओठ मिटले आणि श्वास धरला. मग प्र.नं धरला. मीही. बाहेर मामा गायीला काहीतरी सांगत होते, तेही थांबले.

डबी हळूच डावीकडे नेली.

डोळा हलला. किंवा मला हलावा असं वाटत होतं. मी प्र.कडे पाहिलं, ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे तिनं पाहिलंच नव्हतं. मामींचे डोळे बाळीवरून हलले नव्हते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी जेवढं होतं तेवढंच सांगितलं असतं.

मी विचारायला तोंड उघडलं. त्यांनी रुमाल गुंडाळलेला हात वर केला, गप्प, आणि बोटानं डबीकडे खूण केली. पुन्हा.